रिकामे रकाने, हिरवे ठिपके

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे लिहीत गेलो की मी सबबी शोधायला लागतो, ही माझी सवय मला ठाऊक आहे. मी हापशांचा नकाशा केला, आणि ज्या हापशांच्या पाण्याबद्दल मला काहीच माहिती नव्हती त्या पिण्यायोग्य म्हणून दाखवल्या. मुद्दाम नाही केलं. पण ज्या माणसाने मला आधीच बजावलं होतं, त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढे चूक कळली तेव्हा ती गुपचूप दुरुस्त केली आणि तीन महिने कुणाला सांगितलं नाही. पहिल्या गोष्टीपेक्षा ही दुसरी मला जास्त टोचते.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतो. राहायला लोहाऱ्याकडे, एमआयडीसीच्या अलीकडे. मूळ बाभुळगावचा. आमच्या जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. चवीला काही कळत नाही, पाणी गोडच लागतं. लहानपणापासून तेच पाणी प्यायलं तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उठतात. वर्षानुवर्षं प्यायलं तर गुडघे, कंबर आखडते. शाळेत माझ्या वर्गात अशा दातांची एक मुलगी होती. हसताना तोंडावर हात धरायची. ती दात घासत नाही असं म्हणून आम्ही तिला चिडवायचो. कारण काय ते मला फार उशिरा, नोकरी लागल्यावर कळलं.

त्यामुळे एका उन्हाळ्यात मोकळ्या नकाशांचं सॉफ्टवेअर शिकायला मिळालं, तेव्हा काय करायचं हे मला वेगळं सुचवावं लागलं नाही. एक सेवा उभी करायची. माणूस जिथे उभा आहे ते ठिकाण त्याचा मोबाइल आमच्या सर्व्हरला कळवणार आणि सर्व्हर त्याला सर्वांत जवळच्या पाच हापशा नकाशावर दाखवणार. हिरवा ठिपका असेल तर पाणी पिण्याचं, लाल असेल तर नाही. त्यात माझं स्वतःचं फारसं नव्हतं. जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहून मोकळं सोडलेले प्रोग्राम मी घेतले आणि एकमेकांना जोडले. माझंही काम मी तसंच मोकळं ठेवणार होतो. कुणीही आकडे घ्यावेत, आतली मांडणी पाहावी, आपल्या गावासाठी वापरावी. ‘चूक दिसली तर अवश्य कळवा’ असं मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

कॉलेजने निकालात काढलेला एक संगणक मी रीतसर मागून घरी आणला. समोरच्या खोलीत मांडला. आमच्याकडे विजेचा दाब सारखा खाली-वर होतो, त्यामुळे त्याला इन्व्हर्टर जोडला. मे महिन्यात तो इतका तापायचा की हात लावला तर चटका बसावा. मग कूलर त्याच्याकडे वळवला.

“घरात कूलर एक,” बायको म्हणाली, “अन् तो बी डब्ब्याले. आम्ही काय आंगणात झोपाव?”

“पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.”

“जावयाले बी कोणी एवढं जपत नाही, बाप्पा.”

सर्व्हर चालू झाला, जिल्ह्याचा नकाशा दिसायला लागला. पण त्यावर हापशा कुठे होत्या? कागदावरच्या यादीत गावाचं नाव आणि ‘शाळेजवळ’, ‘मंदिरामागे’ एवढंच. शाळेजवळ म्हणजे कुठल्या बाजूला, किती पावलांवर, हे यादी करणाऱ्यालाही माहीत नसावं. अक्षांश-रेखांश तर कुणी घेतलेच नव्हते. कुणीतरी सांगितलं, दिग्रसला एक हापशीचे मिस्तरी आहेत, तालुक्यातली एकूणएक हापशी त्यांना माहीत आहे.

त्यांना सगळा तालुका चाचा म्हणतो. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, पांढरी दाढी, हाताच्या नखांत कायम ग्रीस. मोटारसायकलच्या एका बाजूला नटबोल्टचे पाने आणि हापशीच्या साखळीची पिशवी, दुसऱ्या बाजूला पाइपाचा तुकडा बांधलेला. पहिल्याच भेटीत मी त्यांना सेवेबद्दल सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे मी मेल्यावर बी लोकायले हापशी सापडल?” मी हो म्हणालो. “मंग चला,” ते म्हणाले.

सुट्टीचे दिवस धरून आम्ही हिंडलो. मी यवतमाळहून सकाळच्या एसटीने दिग्रसला उतरायचो आणि पुढे त्यांच्या गाडीवर मागे. प्रत्येक हापशीपाशी मला मोबाइल हातात धरून थोडा वेळ स्तब्ध उभं राहावं लागे, ठिकाणाचे आकडे स्थिर होईपर्यंत. चाचांना त्याची फार गंमत वाटायची. “हलू नोका मास्तर,” ते आकाशाकडे बोट करून म्हणायचे, “उपरवाला पाहून राह्यला तुमाले.” पाण्याला आलेल्या बाया खुदुखुदु हसायच्या.

त्यांच्याकडे एक वही होती. एका हापशीला एक ओळ. जागा त्यांच्या शब्दांत, पाइप किती, वॉशर केव्हा बदललं, आणि शेवटचा रकाना पाण्याचा. तपासणीचा कागद आलेला असेल आणि पाणी खराब असेल तर लाल खूण. चांगलं असेल तर निळी. बऱ्याच ओळींत तो रकाना कोरा होता. दिग्रसच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा घेताना मी वही चाळत होतो. तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, आणि तेच माझ्या विरुद्ध जातं.

“चाचा, हे कोरं काहून?”

“कागद नाही आला म्हणून.”

“म्हणजे पाणी चांगलं धरायचं?”

त्यांनी कप खाली ठेवला. “अजी, चांगलं बी नाही, खराब बी नाही. कोरं म्हणजे मालूम नाही. वहीत मी कागदाचंच लिवतो. माह्या मनातलं नाही लिवत.”

“मग मनातलं कुठं लिहिता?”

“दांड्यावर.”

मला आधी समजलं नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. हापशी नवी बसवली, कागद यायचा आहे, पण शेजारच्या जुन्या हापशीचं पाणी खराब निघालेलं आहे, खाली दगड तोच लागला आहे, तर ते हापशीचा दांडा लाल रंगवून टाकायचे. गावाला सांगायचे की जनावरं पाजा, कपडे धुवा, पिऊ नका. “कागद येईल तवा येईल,” ते म्हणाले. “तवर लेकरायनं प्यावं का?”

मी हसलो, वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. दांड्यांचे रंग मात्र मी कुठेच टिपले नाहीत. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. खरं सांगायचं तर मी त्याला म्हाताऱ्या कारागिराची लहर समजलो. वही म्हणजे माहिती आणि दांडा म्हणजे लहर, अशी वाटणी मी माझ्या मनाशी करून टाकली.

लाल-निळ्या खुणांच्या हापशांचे तपासणी अहवाल मी मिळवले आणि फ्लोराइडचे आकडे भरले. सगळं सर्व्हरवर चढवायला घेतलं तर काम अडायला लागलं. त्या रकान्यात आकडाच हवा अशी मांडणी मी आधी करून बसलो होतो; कोरी ओळ आली की सर्व्हर थांबायचा. पुढच्या आठवड्यात दिग्रसला अंगणवाडीताईंच्या बैठकीत ही सेवा दाखवायचं ठरलेलं. मांडणी मुळापासून बदलायला दोन दिवस लागले असते. मी प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली. रकाना रिकामा असेल तर शून्य धर. नंतर बघू, असं म्हणालो. सगळ्या हापशा सरसर चढल्या. शून्य म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून कोऱ्या ओळींचे सगळे ठिपके हिरवे. तालुका असा हिरवागार दिसला आणि तो पाहून मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते.

बैठक जूनच्या सुरुवातीला होती. मी छान कपडे घालून गेलो होतो. भिंतीवर नकाशा मोठा करून दाखवला, टाळ्या झाल्या. मागच्या ओळीतून एक ताई उठल्या. सावळ्या, चाळिशीच्या, आवाज खणखणीत.

“जय भीम, सर. आमच्या वस्तीतली दाखवा ना.”

मी गाव शोधून त्यांची वस्ती मोठी केली. दोन ठिपके होते, एक लाल, एक हिरवा, अगदी जवळजवळ.

“हे लाल म्हणजे जुनी, बंद पडेल हाय,” त्या म्हणाल्या. “पन हिरवं दाखवते तिचा तर दांडा लाल हाय. चाचानं रंगवला. आम्ही नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पानी आणतो लेकरायसाठी. ह्या हापशीचं चांगलं हाय काय मंग?”

सभागृहातले सगळे माझ्याकडे पाहत होते. मला चाचांचं बोलणं त्या क्षणी आठवलं की नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. आठवलं असावं. पुसट का होईना. पण नकाशा भिंतीवर एवढा मोठा झळकत असताना ‘मला बघावं लागेल’ असं म्हणण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

“जुना रंग असेल, ताई,” मी म्हणालो. “नकाशा ताजा आहे.”

त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर नकाशाचा फोटो काढला. खूश होत्या. नाल्यापलीकडे जायचं म्हणजे पावसाळ्यात मांडीएवढ्या पाण्यातून डोक्यावर हंडा घेऊन, असं त्या शेजारणीला सांगत होत्या.

पावसाळा गेला. दिवाळीच्या थोडं आधी सेवेच्या पानावर एका अनोळखी माणसाचा निरोप आला. कुठल्या देशातला होता तेही मला माहीत नाही. तो असेच नकाशे करणारा असावा. त्याने फार सभ्यपणे विचारलं होतं: तुमच्या इतक्या हापशांच्या पाण्यात फ्लोराइड अगदी शून्य कसं? जमिनीखालच्या पाण्यात सहसा थोडं तरी असतंच ना?

मी प्रयोगशाळेत बसलो होतो. मुलं प्रात्यक्षिक करत होती. निरोप वाचला. ती एक ओळ मला लगेच आठवली. वीस मिनिटांत मी दुरुस्ती केली. शून्याच्या जागी ‘तपासणी नाही’, ठिपका करडा. आपल्या कामात काय बदल केला याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी लागते. त्या नोंदीत मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’. त्या अनोळखी माणसाला उत्तर पाठवलं, आभार मानले आणि शेवटी ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं लिहिलं. ज्याने ते पाणी कधी पाहिलंही नाही त्याची मी माफी मागितली.

मग काळजी सुरू झाली. करड्या झालेल्या ठिपक्यांत त्या ताईंच्या वस्तीचा ठिपका होता. मी मनाला सांगायचो, त्यांनी पुन्हा नकाशा उघडला तर करडा दिसेलच. पण त्यांनी फोटो काढला होता. फोटो कशाला बदलतोय? आणि कदाचित त्यांनी पाणी बदललंही नसेल, चाचांनी अडवलं असेल. कदाचित पाणी चांगलंही असेल. दिवसभर असं चालायचं. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, बैठकीच्या यादीतला. ‘ताई, एक महत्त्वाचं’ एवढं लिहायचो आणि पुसायचो. चाचांचा फोन आला की उचलायला उशीर करायचो, आणि नाही आला की का येत नाही म्हणून जीव वर-खाली. घरात माठातलं पाणी तांब्यात घेताना मी थांबायचो, हे माझ्या लक्षात यायच्या आधी बायकोच्या लक्षात आलं.

“काहून असे मोबाइल घेऊन राह्यले, ठेवून राह्यले?” तिने विचारलं. “काई झालं काय कालेजात?”

“नाही. सर्व्हरचं थोडं काम आहे.”

तिला तरी सांगायला हवं होतं. मी तिलाही खोटं सांगितलं.

दिवाळीनंतर चाचांचा फोन आला. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन उचलला.

“मास्तर, तुमच्या नकाशानं लय फजिती केली माही,” ते हसत म्हणाले. हसणं खरं नव्हतं. वस्तीवर ते साखळी बदलायला गेले होते. दांड्याचा लाल रंग कुणीतरी दगडाने खरवडून काढला होता. अंगणवाडीची खिचडी त्या पाण्यात शिजत होती, लेकरं तेच पाणी पीत होती. यांनी हटकलं तर बाया हसल्या. “एक म्हणे, चाचा, तुम्ही पान्याचे मिस्तरी का रंगाचे? दुसरी म्हणे, मोबाइलात हिरवं दाखवते, तुमची वही जुनी झाली आता. ताईनं भिंतीवर तुमचा नकाशा लावून ठेवला हाय.”

मी वर्गाचं दार बाहेरून ओढून घेतलं.

“मी काही नाही बोललो,” ते पुढे म्हणाले. “माह्याजवळ तरी कुठं कागद हाय? अंदाजच माहा. मशीन म्हणते तर मशीनचं खरं असंल. एवढी वर्षं कोनकोनत्या गावात उगाच रंग मारला असंल मी, कोनाले मालूम. लोकं दूरून पानी आनत राह्यले माह्यापायी.”

एवढं सरळ दार उघडलेलं असताना मी आत गेलो नाही. ‘चाचा, तुमचं बरोबर आहे, चूक माझी आहे’ हे एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, “बघतो, चाचा.” आणि फोन ठेवला. व्हरांड्यात उभा राहिलो. समोर मैदानात मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी नुसते लोकांना चुकीचे ठिपके दाखवले नव्हते. एका माणसाचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला होता, आणि तो माझ्याच हातात असताना मी परत देत नव्हतो.

तरीही मी सरळ गेलो नाही. मी ठरवलं की आधी पाणी तपासून घ्यावं. वरून हे शहाणपणाचं दिसत होतं. आतलं कारण वेगळं होतं. पाणी चांगलं निघालं तर मला काहीच बोलावं लागणार नव्हतं.

एका शनिवारी मी स्वच्छ बाटली घेऊन वस्तीवर गेलो. ताईंना सांगितलं की सगळीकडचे नमुने घेतो आहे. त्या मला पाहून इतक्या खूश झाल्या की मला खुर्चीवर बसवेना. भिंतीवर नकाशाचा कागद होता, वर प्लास्टिक लावलेला, कोपऱ्यांत फुलं काढलेली. “तुमच्यामुळं लय त्रास वाचला, सर,” त्या म्हणाल्या. “माही कंबर गेली होती नाल्यातून पानी वाहून.” त्यांनी चहा केला, त्याच पाण्याचा. मी दोन कप प्यायलो. काय सिद्ध करत होतो, कुणास ठाऊक. लेकरं रांगेत बसून खिचडी खात होती, एक चिमुरडी माझ्याकडे पाहून तोंड भरून हसली आणि मी तिच्या दातांकडे पाहिलं. दुधाचे दात, पांढरेशुभ्र. त्याने काही धीर येत नाही. खरे दात आत हिरड्यांत तयार होत असतात, आणि बिघडायचं ते तिथे बिघडतं. हे मला माहीत होतं. मी बाटली भरली आणि एसटीने परत आलो.

नमुना तपासायला दिला. निकाल यायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस मी देवाकडे ते पाणी चांगलं निघावं म्हणून मागत होतो, आणि ते लेकरांसाठी मागतोय की स्वतःसाठी, हे तपासायचं टाळत होतो. तेवढे दिवस लेकरं ते पाणी पीत होती. हा हिशोब मी तेव्हा केला नाही. नुसता ‘पिऊ नका’ असा एक फोन केला असता तरी चाललं असतं.

कागद संक्रांतीच्या सुमारास आला. फ्लोराइड मर्यादेच्या वर होतं, चांगलंच वर. चाचांच्या मनातलं खरं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “लेकरायचं पानी होतं ते,” ती एवढंच म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “उद्या पयल्या गाडीनं जा.”

चाचांचं दुकान दिग्रसला, जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सकाळी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. ते स्टुलावर बसून चामड्याचं वॉशर कापत होते. मी कागद त्यांच्या पुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगायला लागलो. शून्याची ओळ, बैठकीतलं माझं उत्तर, दिवाळीआधीची दुरुस्ती, सगळं. ते कापत राहिले. वॉशर कापून झालं, ते त्यांनी डब्यात टाकलं.

“कोरं म्हणजे काय, ते सांगतलं होतं ना मी तुमाले?”

“सांगितलं होतं.”

“चहा पेता पेता.”

“हो, चाचा.”

“अन् मी फोन केला तवा तुमाले मालूम होतं?”

“मालूम होतं.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. “दोन महिने झाले, रंगाचा डब्बा उघडला नाही मी,” ते म्हणाले. “एका गावात नवी हापशी बसवली. मनात होतं लाल करावं. नाही केलं. म्हटलं, आपल्याले काय समजते.”

मी खाली मान घालून म्हणालो, “चाचा, चूक झाली.”

“मले सांगून काय फायदा? माह्या दुकानात कोन ऐकून राह्यलं?” त्यांनी पान्यांची पिशवी उचलली. “बसा गाडीवर. आधी ती वस्ती. मंग मी नवी हापशी कोरीच सोडली ते गाव. मंग तुमच्या मशीननं जेवढे कोरे हिरवे केले तेवढे, एक एक.”

वस्तीवर पोचलो तेव्हा ताई अंगणवाडीचं दार उघडत होत्या. चाचा आणि मी एकत्र आलेलं पाहून त्या हसल्या, मग माझा चेहरा पाहून थांबल्या. मी कागद दाखवला. वाचला त्यांनी. दोनदा वाचला.

“सर, म्या तुमाले तवाच इचारलं होतं.”

“हो, ताई.”

“दांडा लाल हाय, म्हणलं होतं. सगळ्यायच्या समोर.”

“हो.”

“तुम्ही म्हणले, जुना रंग असंल.”

“म्हणलो होतो.”

त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच खणखणीत होता. “सात महिने म्या माह्या हातानं पाजलं हो ते. माह्या भरोशावर लेकरं धाडते बाया. अन् चाचाले आम्ही काय काय बोललो…” त्या चाचांकडे वळल्या. “चाचा, रंग म्याच खरवडला होता.”

“ते राहू दे, बाई,” चाचा म्हणाले. “पयले तो हंडा उपडा कर.”

हंडा, माठ, फिल्टर, सगळं त्यांनी अंगणात ओतलं. मी मदत करायला गेलो तर हाताने बाजूला सारलं. भिंतीवरचा कागद ओढून काढला, फाडला नाही, घडी करून माझ्या हातात दिला. मी परत बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मले एकटीले नोका सांगू. बाया येतीन आता लेकरं सोडाले. त्यायले सांगा. म्या नाही सांगणार तुमच्यावतीनं.”

मी ओट्यावर बसून राहिलो. पळून जावंसं वाटत होतं, आणि यवतमाळची गाडी किती वाजता आहे हे मला पाठ होतं. चाचा हापशीपाशी बोल्ट सोडवत होते. एकेक बाई लेकराचं बोट धरून येत होती. ताई त्यांना आत पाठवत नव्हत्या, अंगणातच थांबवत होत्या.

“काय जी चाचा,” एकीने विचारलं, “आज दांडाच घेऊन चालले काय? रंग संपला वाटते!”

बाकीच्या हसल्या. चाचांनी मान वर केली नाही. ताई म्हणाल्या, “हसू नोका. बसा. सर काही सांगाले आले.”

मी उभा राहिलो. पंधरा-सोळा बाया असतील, आणि त्यांच्या कडेवर, पायाशी लेकरं. घरून मी वाक्यं ठरवून आणली होती, त्यांत ‘तांत्रिक’ हा शब्द होता. तो मी गाळला. पाण्याचा निकाल सांगितला. एकीने लगेच विचारलं, लेकरायच्या दाताचं काय. मी म्हणालो, डॉक्टरला विचारलं आहे, आजपासून हे पाणी बंद केलं तर पुढचं थांबेल, झालं ते किती झालं हे दात आल्यावरच कळेल, आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. एकदम गलका झाला. नाल्यापलीकडून पुन्हा पाणी आणायचं का, कोण आणणार, तुम्ही आणता का, असं एक म्हातारी ओरडली. मी म्हणालो, तिचं बरोबर आहे. गलका ओसरेपर्यंत थांबलो. चाचा दांडा हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले होते.

मग मी बोललो.

“ह्या हापशीचं पाणी कधी तपासलंच नव्हतं. मले माहीत नव्हतं, तरी मी चांगलं म्हणून दाखवलं. चाचायनं मले आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ताईनं मले इचारलं, तवा मी सगळ्यायच्या समोर खोटं उत्तर देल्लं. चाचाचा रंग बरोबर होता, त्यायले तुम्ही बोलले ते माह्यामुळं. अन् दिवाळीच्या आधी मले माही चूक समजली होती. तवाच आलो असतो तर तुमच्या लेकरायनं तीन महिने हे पाणी पेलं नसतं. मी भेलो, म्हणून नाही आलो. ताई, चाचा, अन् तुम्ही सगळ्या, मले माफ करा. नाही केलं तरी मी काही म्हणणार नाही.”